मुदत संपलेला दारूगोळा आणि रोजंदारीचा माणूस

या पानावर आम्ही सिकलसेलवर लिहिलं, बाळंतिणीच्या रक्तक्षयावर लिहिलं, डेंग्यूवर तर दर पावसाळ्यात लिहितो. या वेळी दारूगोळ्यावर लिहायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्याच काहींनी विचारलं, बॉम्बचा आणि आरोग्याच्या पानाचा संबंध काय? संबंध बघायचा असेल तर वर्धा जिल्ह्यात जावं लागतं.

पुलगावला लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, देशातलं सगळ्यांत मोठं. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, त्या भांडाराच्या मोकळ्या जागेवर, सोनेगाव (आबाजी) गावाच्या बाजूला, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायचं काम चाललं होतं. पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा माणसं गेली, दहाच्या आसपास जखमी झाली. गेलेल्यांत एक जण जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा कर्मचारी होता. बाकीचे आसपासच्या गावांतले मजूर. सकाळी डबा घेऊन कामाला गेलेली माणसं.

सैन्याचा दारूगोळा, निर्माणीचे तज्ज्ञ, आणि पेटी उचलायला मात्र गावातला रोजंदारीचा माणूस! आमचं म्हणणं इथूनच सुरू होतं.

आधी ‘मुदत संपलेला’ या शब्दांकडे बघू. आपल्या घरात मुदत संपलेली गोळी म्हणजे गुण न येणारी गोळी. फेकून दिली की झालं. दारूगोळ्याचं याच्या उलट आहे. तोफेच्या दारूत ती स्थिर राहावी म्हणून एक रसायन घातलेलं असतं. वर्षं जातात तसं ते संपत जातं, मग दारू आतल्या आत तापते आणि कुणी काडी न लावताही पेटू शकते. सुरुंगाचं कवच जुनं होतं, आतलं टीएनटी पाझरून बाहेर येतं. याच पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली होती. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले जवान-कर्मचारी त्यात गेले. त्या कोठारात रणगाडाविरोधी सुरुंग होते आणि त्यांतून टीएनटी पाझरत होतं, हे नंतर पुढे आलं. म्हणजे जुना माल हा नव्यापेक्षा जास्त भरवशाचा नाही, जास्त बेभरवशाचा आहे. हे मजुराला कामावर घेताना कुणी सांगतं का?

न फुटलेला गोळा ही त्याहून वाईट गोष्ट. सरावात तोफेतून गोळा सुटला की तो सुटण्याच्या झटक्याने आणि गरगर फिरण्याने त्याच्या टोकाचा फ्यूज जागा होतो. जमिनीवर आदळून फुटला तर फुटला. नाही फुटला, तर तो कोठारातल्या गोळ्यासारखा झोपलेला राहत नाही, चाप ओढून अडकलेल्या बंदुकीसारखा असतो. मऊ मातीत रुततो, पाऊस त्याच्यावर माती ओढतो, पुढच्या पावसात पुन्हा उघडा पडतो. दहा वर्षांनी नांगराचा फाळ लागला किंवा पोराने दगड मारला तरी पुरे. लोक त्याला ‘निकामी गोळा’ म्हणतात. हा शब्द आपल्या बोलण्यातून काढून टाकला पाहिजे.

अशा गोळ्याला हात लावायला कोण जातं? अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या बाजूला, खारे कर्जुने भागात, सरावानंतरचं भंगार वेचताना किंवा गोळा फोडून धातू काढताना माणसं मेल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, काडतुसाची नळी पितळेची असते. लोखंडाला काय भाव आणि तांब्या-पितळेला काय भाव, हे वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एका पट्ट्याचे पैसे दिवसभराच्या रोजीच्या पुढे जात असतील, तर माणूस छिन्नी-हातोडा घेऊन बसतो. त्याला लोभी म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. ज्याच्या घरात महिन्याचा पगार येतो तो काही रेंजमध्ये पितळ वेचायला जात नाही. गावाची घाण, मेलेलं जनावर, गटार, कचरा कुणाच्या वाट्याला घातला गेला हे आपल्याला कुणी शिकवायला नको. युद्धाचा कचरा त्याच उताराने खाली येतो.

आणि तो रेंजपाशीच थांबत नाही. वेचणाऱ्याकडून छोट्या भंगारवाल्याकडे, तिथून गोदामात, गोदामातून भट्टीत. ३० सप्टेंबर २००४ ला उत्तर प्रदेशात गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन दहा कामगार मेले. परदेशातल्या युद्धाच्या प्रदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे होते. त्या कामगारांनी युद्ध पाहिलंही नव्हतं. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. देशातल्या देशात फिरणाऱ्या भंगाराचं काय, हा प्रश्न मात्र आपल्या वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये अजून तसाच पडून आहे. त्या शेडमध्ये आपल्याच बाया आणि पोरं तांबं-लोखंड निवडतात.

आता पाण्याकडे येऊ, कारण स्फोटाचा आवाज तरी होतो, पाण्याचा होत नाही.

दारूगोळा नष्ट करायची जुनी, स्वस्त रीत म्हणजे उघड्यावर जाळणं किंवा खड्ड्यात रचून उडवून देणं. सगळंच जळून जातं असं नाही. अर्धवट फुटलेल्या गोळ्यातून आरडीएक्स आणि टीएनटीचे कण मातीत पडतात. शिसं आणि इतर धातू राहतात. दारूत परक्लोरेट असेल तर तेही. यांतलं आरडीएक्स आणि परक्लोरेट मातीला फारसं चिकटत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीला लागतं. टीएनटी जास्त करून वरच्या मातीत राहतं, म्हणजे पोरांच्या हातापायांना. आरडीएक्स जास्त प्रमाणात पोटात गेलं तर झटके येतात. टीएनटीने रक्त कमी होतं, यकृत बिघडतं, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळा कारखान्यांतल्या बायांची कातडी त्याने पिवळी पडली होती. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही, त्यामुळे गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना त्याचा धोका मोठा. शिशाचं तर कुठलंच प्रमाण मुलांच्या मेंदूला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्याकडे कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकातलं. केरळात आलुव्याजवळ रॉकेटच्या इंधनासाठी अमोनियम परक्लोरेट बनवणाऱ्या कारखान्याच्या शेजारच्या विहिरींत परक्लोरेट सापडलं ते आपल्याच शास्त्रज्ञांना. अमेरिकेत केप कॉड इथे लष्करी सरावाच्या जागेखालचं पिण्याचं भूजल आरडीएक्स आणि परक्लोरेटने बिघडलं, म्हणून १९९७ मध्ये त्यांच्याच पर्यावरण खात्याने तिथला जिवंत गोळ्यांचा सराव थांबवला. सैन्याला तिथे काही कुणी शत्रू म्हटलं नाही, पाण्याची काळजी घेतली एवढंच.

पुलगावच्या भोवतालच्या विहिरींत काय आहे, याबद्दल आम्ही इथे कुठलाही दावा करत नाही. आमचं म्हणणं एवढंच की तपासा आणि निकाल गावाच्या फळ्यावर लावा. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आपण पाण्याची बाटली देतो तेव्हा जंतू, फ्लोराइड, नायट्रेट, क्षार असं बघितलं जातं. आरडीएक्स, टीएनटी, परक्लोरेट हे त्या नेहमीच्या तपासणीत नसतं, मुद्दाम मागावं लागतं. आणि घरच्या माउल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पाणी उकळलं, तुरटी फिरवली, धोतराच्या फडक्याने गाळलं, तरी ही रसायनं जात नाहीत. उकळणं जंतूंसाठी आहे, ते चालूच ठेवा. पण पाणी उकळतो म्हणून या बाबतीत निर्धास्त राहू नका.

दुसरा उपाय आहे का? आहे. बंद पोलादी कोठीत दारूगोळा जाळता-उडवता येतो, धूर गाळून बाहेर सोडता येतो, राख मोजून उचलता येते. काही प्रकारचे गोळे यंत्राने उघडून आतला माल वितळवून काढता येतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात कॅम्प मिंडेन इथे एका कंत्राटी कंपनीने सुमारे दीड कोटी पौंड तोफेची दारू सोडून दिली होती. २०१२ मध्ये तिथे मोठा स्फोट झाल्यावर ती बाहेर आली. सरकारने ठरवलं की सगळी उघड्यावर जाळायची. आजूबाजूच्या लोकांनी सभा घेतल्या, रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि सरकारला निर्णय बदलावा लागला. धूर गाळणारी बंद भट्टी आणली आणि २०१७ मध्ये काम संपलं. म्हणजे हे तंत्र कुठल्या कल्पनेतलं नाही. ते महाग आहे, हे खरं. पण स्वस्त पद्धतीची किंमत कुणीतरी मोजतच असतो, फक्त ती सरकारी हिशेबात दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. शेतात सापडलेला न फुटलेला गोळा बऱ्याचदा हलवणंच धोक्याचं असतं, तो जागेवरच उडवावा लागतो. त्याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो कोठारातला टनावारी माल वर्षानुवर्षं उघड्यावर उडवण्याला, आणि त्यासाठी कंत्राटदाराकरवी गावातली माणसं लावण्याला. अपघात झाला की मुख्य मालक म्हणतो तो आमचा कामगार नव्हे, आणि कंत्राटदार सापडत नाही. कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मुख्य मालकाकडून वसूल करता येईल, ही तरतूद १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासूनची आहे. कामावर लागताना हजेरीचा कागद, ओळखपत्र, कंत्राटदाराचं नाव यांचा फोटो मोबाईलमध्ये काढून घरी पाठवून ठेवा. बायकोला ठाऊक असू द्या आपण नेमके कुणाकडे कामाला आहोत ते.

सुरक्षेच्या नावाखाली प्रश्न विचारूच नयेत, असंही काही जण सांगतील. आपल्या कित्येक घरांत फौजेतून निवृत्त झालेली माणसं आहेत, भंडारा, चंद्रपूर, अंबाझरीच्या निर्माणींत काम केलेली माणसं आहेत. २०१६ च्या आगीत गेलेले गणवेशातलेच होते. हा प्रश्न त्यांच्याही जिवाचा आहे. काश्मीरमध्ये बडगाम जिल्ह्यातलं तोसामैदान हे कुरण १९६४ पासून तोफांच्या सरावाला दिलेलं होतं. न फुटलेल्या गोळ्यांनी तिथल्या गावांतले गुराखी, लाकूडफाटा गोळा करणारे, पोरं मेली. लोकांनी माहिती अधिकाराचे अर्ज टाकले, मोर्चे काढले, आणि २०१४ मध्ये मुदत संपल्यावर ती वाढवली गेली नाही. सैन्याने कुरण साफ केलं. तरी नंतरही स्फोट झाले, कारण एकदा पेरलेलं सगळं कधीच वेचून होत नाही. लाओस या बौद्ध देशात १९६४ ते १९७३ दरम्यान अमेरिकेने टाकलेल्या २७ कोटी छोट्या बॉम्बगोळ्यांपैकी सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत. पन्नास वर्षं उलटली तरी तिथल्या शाळांत अक्षरांबरोबर हे गोळे ओळखायला शिकवतात, कारण पोरांना ते चेंडू वाटतात.

आपल्याकडे रेंजजवळच्या आणि भांडाराजवळच्या शाळांत एक तास तरी असं शिकवावं. गंजकं, मातीने माखलेलं, शेपूट किंवा टोक असलेलं लोखंड दिसलं की हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, चुलीत किंवा विहिरीत टाकायचं नाही. आल्या पावलांनी मागे फिरायचं, लांबून दिसेल अशी खूण ठेवायची, आणि ११२ वर कळवायचं. स्फोट झालाच तर जखमेतला तुकडा ओढून काढू नका, कपड्याने रक्त दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा.

यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. स्फोटक जवळ सापडलं तर गुन्हा लागतो. म्हणून भंगारवाला गप्प बसतो, जखमी झालेला सिलिंडर फुटल्याचं सांगतो, डॉक्टरला खरं कळत नाही. स्वतःहून कळवणाऱ्याला आरोपी करणार नाही, असं पोलीस अधीक्षकांनी लेखी जाहीर केलं तर कितीतरी गोळे गोदामातून बाहेर येतील. ही मागणी आम्ही करतो आहोत. पुलगाव, के. के. रेंज आणि जिथे जिथे निर्माणी आहे तिथल्या विहारांतल्या महिला मंडळांनी आणि युवकांनी ती आपापल्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडावी. त्याच ठरावात विहिरींच्या पाण्याची आरडीएक्स, टीएनटी, परक्लोरेट आणि शिसं यांसाठी तपासणी, आणि नष्ट करण्याच्या कामावर गावातला मजूर लावायला बंदी, हेही लिहावं. ठरावाची प्रत आणि आलेलं उत्तर आमच्याकडे पाठवा. उत्तर नाही आलं तर तेही कळवा, आम्ही याच पानावर गावाच्या नावासह छापू.