गाठीचं भ्या

आमच्या बीड जिल्ह्यात बाईच्या पोटात गाठ निघाली की घरदार कॅन्सर झाल्यागत तोंड पाडून बसतं. त्यात बाई पोटुशी असली तर बघायलाच नको. कुणी म्हणतं, मोकळी करा. कुणी म्हणतं, बाळंत झाली की पिशवीच काढून टाका, कटकट मिटंल. माझं म्हणणं असं की, गाठ करत नाही तेवढा घात हे भ्या करतं, आणि ह्या भ्यावर पोट भरणारे लोक आहेत.

डॉक्टर ह्या गाठीला फायब्रॉइड म्हणतात. ती गर्भाशयाच्या स्नायूची गाठ असते, कॅन्सर नव्हे. गरोदरपणात काहींची वाढते, पुष्कळ जणींची आहे तेवढीच राहते, आणि बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप बारीक होते. बहुतेक बाया नीट बाळंत होतात. कधी मधल्या महिन्यांत गाठ दुखते. तिला विश्रांती आणि डॉक्टरनं दिलेली गोळी लागते. गाठ मोठी किंवा तोंडाशी असली तर मूल आडवं-पायाळू राहू शकतं, सिझर करावं लागतं, मागून रक्त जास्त जाऊ शकतं. म्हणून वेळेवर सोनोग्राफी, अंगात रक्त, आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना, एवढं पाहिजे.

आता सांगा, उसाच्या फडात ह्यातलं काय मिळतं? उचल नवरा-बायकोच्या जोडीवर असते. दोघं मिळून एक कोयता. बाई एक दिवस बसली की खाडा, आणि खाड्याला दंड. पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. तिला विश्रांती लिहून देऊन काय उपयोग? ती विश्रांती मुकादमाच्या वहीत दंड म्हणून पडते.

२०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीच्या कामात आमच्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. आमच्याच बायांच्या पोटात एवढ्या गाठी कुठून आल्या?

डॉक्टर म्हणतात, बायाच मागून घेतात. मागतात ना! पाळीचे दिवस आले की खाडा पडतो, पिशवी गेली की पडत नाही, हा हिशेब त्यांना आम्हीच शिकवला. पण पिशवीबरोबर अंडाशयही गेलं तर तिशीतच अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात, हे ऑपरेशनच्या आधी किती जणींना सांगितलं?

त्या चौकशीनंतर आमच्याकडं पिशवी काढायला सिव्हिल सर्जनची परवानगी लागते. बरं झालं. पण कागद ऑपरेशन थांबवील, खाडा थांबवणार नाही. गरोदर बाईचा खाडा धरायचा नाही, एवढं कारखान्यांनी आणि मुकादमांनी करारात लिहून द्यावं. आणि घरच्यांनी गाठ म्हणताच पिशवीकडं बोट दाखवू नये. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. बैलाच्या खांद्याला गाठ आली तर आपण त्याला औताला जुंपत नाही, आणि खांदाही कापून टाकत नाही.