आठ महिन्यांनी घरात आलेली कोथिंबीर

कार्तिकी पौर्णिमा उलटली की पुण्याच्या पेठांतील जैन घरांत थंडीची पहिली वर्दी नाकाला मिळते. ओट्यावर मेथी निवडली जात असते, कोथिंबिरीची जुडी धुऊन निथळत ठेवलेली असते, आणि वरणावर हिरवी पाने पसरलेली पाहून घरातील लहान मूल चकित होते. फाल्गुनातील चौमासी चतुर्दशीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत आठ महिने ज्या घरांनी पालेभाजीचा त्याग केलेला असतो, त्यांच्याकडे मेथीचे ठेपले हा केवळ पदार्थ राहत नाही, त्याला तिथी असते. उष्म्यात आणि पावसात पानांवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक, थंडीत कमी, असा या मर्यादेमागचा विचार आहे. खजूर, खारीक आणि तीळही याच मर्यादेत येतात. त्यामुळे खजुराचा पहिला घास आणि कोथिंबिरीची पहिली चटणी पुष्कळ घरी एकाच आठवड्यात चाखली जाते.

मंडईत कोथिंबीर आता बाराही महिने मिळते. ज्याला कोणतीच वस्तू कधी वर्ज्य नाही, त्याला ती भर वैशाखातही भाजीवाल्याकडून वर मागून घेता येते. सोय मोठी आहे, यात संशय नाही. परंतु आठ महिने वाट पाहिलेल्या चटणीचा स्वाद त्या सोयीत सापडत नाही, हेही घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे आणि ते बोलून न दाखवता पानात दुसऱ्यांदा चटणी वाढून घेतात.

थंडी स्वयंपाकघराला आणखी एक सवलत देते. मिठाईचा काळ चातुर्मासात 15 दिवसांचा, उन्हाळ्यात 20 दिवसांचा, तर हिवाळ्यात पूर्ण 30 दिवसांचा धरला जातो. दिगंबर घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस अशी मोजतात. म्हणजे ज्या गृहिणीला श्रावणात दर तीन दिवसांनी दळण काढावे लागत होते, तिला मार्गशीर्षात आठवड्याची उसंत मिळते. गुंदरपाक, मेथीपाक, अडदिया हे सारे याच सवलतीचे लाभार्थी. आले ओले असेपर्यंत कंद म्हणून वर्ज्य, परंतु सुंठ झाले की चालते. त्यामुळे या पाकांना सुंठीचा तिखटपणा भरपूर असतो. डब्यावर पाक केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली जाते आणि तिसाव्या दिवसाच्या आत डबा रिकामा करण्याची जबाबदारी नातवंडे आनंदाने उचलतात. शेजारपाजारी गाजराचा हलवा शिजत असतो तेव्हा या घरांत दुधी किसला जातो. मुले कुरकुरतात, मग वाटी चाटूनपुसून स्वच्छ करतात.

सहलींचा आरंभही कार्तिकी पौर्णिमेपासूनच होतो. चातुर्मासभर बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी खुली होते. द्राविड आणि वारिखिल्ल दहा कोटी मुनींसह याच दिवशी सिद्धगिरीवर मोक्षाला गेले, अशी श्रद्धा असल्याने पालिताण्याला त्या पहाटे पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. परंतु दिवाळीनंतर नुकतेच दुकान उघडलेल्या प्रत्येकाला पालिताणा गाठणे जमत नाही. त्यांच्यासाठी गावोगावी शत्रुंजयाचा पट उभारला जातो. मोठ्या कापडावर पर्वत, वळणावळणाची वाट, टुंका आणि शिखरे रंगवलेली असतात. त्याच्यासमोर चैत्यवंदन होते, 21 खमासमणे दिली जातात. आजोबा पटावर बोट न लावता दुरूनच वाट दाखवतात. येथे विसावा, येथे रामपोळ, येथे दादांचा दरबार. जे चढून आलेले असतात त्यांचे पाय पुन्हा दुखू लागतात. जे गेलेले नसतात ते पुढच्या वर्षीचा संकल्प करतात. यात्रेकरूंना पर्वताच्या पायथ्याशी भाते देण्याची पालिताण्याची रीत कित्येक ठिकाणी पटाजवळही पाळली जाते, आणि मुलांच्या दृष्टीने सकाळी लवकर उठण्याचे तेवढे एक कारण पुरेसे असते.

मुंबईत त्या दिवशी भायखळ्याच्या आदीश्वर मंदिराकडे रीघ लागते. हे मंदिर बांधणारे मोतीशा शेठ जहाजांचे मालक आणि मोठे व्यापारी. शत्रुंजयावर कुंतासारची खोल दरी भरून तिच्यावर त्यांनी टुंक उभारण्याचे काम हाती घेतले, परंतु प्रतिष्ठा पाहण्यापूर्वीच ते निवर्तले. भायखळ्याला दर्शन घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्या मंदिरात पर्वताची आठवण येते, ती काही अकारण नव्हे.

चातुर्मास संपल्यावर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. चार महिने ज्यांच्या प्रवचनाला रोज जाऊन बसण्याची सवय झाली, त्यांना गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवायला जाणे ही हिवाळ्यातील सर्वांत शांत सहल म्हणावी लागेल. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या विहारात कात्रजपर्यंत चालत गेलेल्या मंडळींना गारठा, कोवळे ऊन आणि आपल्या पायांतील ताकद यांचा एकाच वेळी परिचय होतो. महाराजसाहेब अनवाणी, पाठीवर उपधी, चाल मात्र अशी की स्पोर्ट्स शूज घातलेला तरुण मागे पडतो. दुकानाच्या कामात वर्षभर एकमेकांशी फक्त हिशेबाचे बोलणारे पितापुत्र या वाटेवर शेजारी शेजारी चालताना दिसतात. फार बोलतात असे नाही. या आनंदाला काळजीची एक किनार आहे. महामार्गावर पहाटेच्या अंधुक उजेडात वाहने वेगाने येतात आणि विहारात अपघात झालेले आहेत. म्हणून चमकणारी जाकिटे घालून साधूंच्या मागेपुढे चालणारे तरुण आता बऱ्याच गावांत तयार झाले आहेत. पहाटे पाचला उठण्यास घरी खळखळ करणारा मुलगा त्या जाकिटासाठी बिनबोभाट उठतो.

हिवाळ्याची खरी परीक्षा मात्र सायंकाळी होते. जूनमध्ये पुण्याचा दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य सहा वाजण्यापूर्वीच मावळतो. वर्षातील सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला तरी सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त हाच, हे चौविहार पाळणाऱ्याला पंचांग न उघडता कळते. आणि नेमका हाच लग्नसराईचा काळ. तुळशीचे लग्न लागले की कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत साडेपाच वाजता गिऱ्हाईक चढू लागते. नवरीकडची आठ माणसे गादीवर बसलेली, समोर तीस साड्या उलगडलेल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटे. पश्चिमेकडचे ऊन फलकावरून उतरू लागलेले. अशा वेळी उठायचे कसे?

ज्या दुकानात दोघे भाऊ आहेत तेथे पाळी लावली जाते. धाकटा म्हणतो, “भाईसाहेब, आज तुम्ही आधी निघा, मी बसतो,” आणि दुसऱ्या दिवशी थोरला तीच सवलत त्याला देतो. काही घरी डबा दुकानात येतो आणि गोदामात पाटावर मांडून वीस मिनिटांत जेवण उरकते. एकट्याच्या दुकानात डबा घेऊन आलेली पत्नी गल्ल्यावर बसते. तिला भाव पाठ असतात, उधारीची वहीही ठाऊक असते, आणि ती बसली असताना सूट मागणाऱ्या गिऱ्हाइकाची डाळ सहसा शिजत नाही. काही दुकानदारांनी मात्र गिऱ्हाइकालाच सरळ सांगण्याची सवय लावली आहे. जुने गिऱ्हाईक ते मानते. चहा पीत साड्या चाळत बसते. नवे कधी उठून समोरच्या दुकानात जाते. तो व्यवहार गेला तो गेला, आणि नोव्हेंबरात असे चार-दोन व्यवहार जातात हे नाकारण्यात अर्थ नाही. चौविहार फुकट पडत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलाला लहानपणीच कळलेले बरे.

सकाळची अडचण मुलांची. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी येते. जानेवारीच्या आरंभी पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे नवकारशीला आठ वाजत आले. शाळेची बस त्यापूर्वीच निघून गेलेली असते. म्हणून बहुतेक घरांत नवकारशी रविवारची आणि सुटीची झाली आहे. आजी त्याबद्दल हळहळतात, सून मधल्या सुटीच्या डब्यात ठेपले जास्तीचे घालते, आणि प्रश्न तेवढ्यावर थांबतो.

जे रोज जमत नाही ते रविवारी जमते. मार्गशीर्ष-पौषात ज्वारीचे कणीस दुधात आले की नगर, सोलापूर आणि पुण्याच्या शिवारांत हुरडा सुरू होतो. इतरांची हुरडा पार्टी दुपार कलल्यावर रंगते, जैन कुटुंबे मात्र सकाळी पोहोचतात. शेकोटीची जागा नीट पाहून, मुंग्यांचे वारूळ जवळ नाही याची खात्री करून गोवऱ्या रचल्या जातात. सुरती किंवा गूळभेंडी ज्वारीची कणसे भाजून तळहातावर चोळली की हिरवे, गरम, गोडसर दाणे सुटतात. लसणाच्या चटणीऐवजी तीळ आणि शेंगदाण्याची चटणी, आणि आता कोथिंबिरीचीही. हरभऱ्याचे सोलाणे समोर आले की कच्चे दही बाजूला सरकवले जाते, कारण द्विदल. ज्वारीबरोबर मात्र दह्याला आडकाठी नसते. काका कणीस चोळताना बोटे भाजून घेतात आणि दरवर्षी शेतकरी त्यांना तीच युक्ती पुन्हा शिकवतो.

दक्षिणेकडे कोल्हापूर-सांगलीची कुटुंबे याच दिवसांत कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर जातात. 28 फुटांच्या मूर्तीच्या पायाशी सकाळचा वारा झोंबतो आणि उन्हात बसून शिदोरी सोडण्याचे सुख तेथेही असते.

परतीची घाई सर्वांना सारखीच. साडेतीनला गाड्या निघतात, वाटेत कोणी उसाचा रस घेऊया म्हटले तर घड्याळ पाहिले जाते. घरी पोहोचल्यावर पाच वाजता कढी-खिचडी टाकली जाते, आणि त्या दिवशी दुकान बंद असल्याने दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि आजी-आजोबा एकाच पंगतीला बसतात. जेवण संपते तेव्हा खिडकीत अजून थोडा उजेड शिल्लक असतो. मुले शेवटचे पाणी पिऊन घेतात आणि आजोबा पच्चक्खाण देतात. सहा वाजलेले असतात आणि पुढे सारी संध्याकाळ मोकळी पडलेली असते.