सोळाशे मीटरच्या पुढे

पहाटे पाचला शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही रस्त्यावर पळणारं पोर दिसलं, की लोक एकच विचारतात, "भरती निघाली का रे?" पळण्याला दुसरं काही कारण असू शकतं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. चाळिशीचा माणूस पळताना दिसला, तर त्याची गाडी चुकत असणार असं धरून लोक वाट सोडतात.

मी किन्हवली भागात शाळेत खेळ शिकवतो आणि सकाळी तीस-चाळीस मुलामुलींचा सराव घेतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलानं पाच मिनिटं दहा सेकंदांत अंतर कापलं की वीसपैकी वीस गुण. मुलीला त्यासाठी दोन मिनिटं पन्नास सेकंद. आमच्या पोरांना हे आकडे आधार नंबरापेक्षा पाठ असतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याआधी त्या रिकाम्या काँक्रीटवर पोरं सराव करायची. आता तिथं दुचाकीलाही मनाई आहे, मग पायांना कोण विचारतो? पोरं पुन्हा गावच्या रस्त्याच्या कडेला आली. खडूची एक रेघ, हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या टोकाला मी. वर्षानुवर्षं आमचं पळणं त्या रेघेपाशीच संपत होतं.

ते तिथं संपू नये, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे. हे माझ्या ध्यानात आलं सातारच्या घाटात.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. पावसाळ्याच्या उतारावरचा एक रविवार, २१ किलोमीटर. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या वाटेवरून मागं फिरायचं आणि उतरून गावात यायचं. २०१५ मध्ये तिची नोंद गिनीज बुकात झाली. नोंदणी उघडली की पटापट भरते. आमच्यातल्या नऊ जणांची नोंदणी आणि फी भरतीत लागलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी केली. आता ते ठाणे, नवी मुंबईत ड्युटीला आहेत. त्यांनीच आग्रह धरला, "सर, एकदा पोरांना घेऊन जाच."

शनिवारी पहाटे ट्रॅव्हलर निघाली. सहा मुलं, तीन मुली, मी आणि शाळेतल्या एक बाई. बाई आल्या म्हणून मुली आल्या. मुरबाडकडच्या एका मुलीच्या आईनं मला दारात उभं करून विचारलं होतं, "सर, पळायचं तर हितंच पळंल ना ती. रातची परगावी कशाला?" मला धड उत्तर सुचलं नव्हतं. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी. खंबाटकी घाट ओलांडला तसा एकानं खिडकीबाहेर बघत शेरा मारला, "आपल्या माळशेजसारखंच तर हाय. एवढ्या लांब कशाला आणलं?" गाडी हसली. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं.

रविवारी सकाळी माझा सर्वांत वेगवान मुलगा, डोळखांबच्या अंगाचा, १६०० मीटर पाच मिनिटं पाच सेकंदांत मारणारा, सुटला तो त्याच वेगानं. मी ओरडत राहिलो, त्याच्या कानात वारं. घाट लागला आणि चौथ्या-पाचव्या किलोमीटरला तो चालायला लागला. मी मागून त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा होता आणि पुढे बघत होता. पुढे एक आजोबा पळत चालले होते. साठीच्या पलीकडचे, पांढरी मिशी, आखूड पावलं, फार वेग नाही आणि थांबणंही नाही.

"सर, हे कुठल्या भरतीला?" पोरानं विचारलं.

त्याला चेष्टा करायची नव्हती. वीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं म्हातारा माणूस पळताना पाहिलाच नव्हता. शेतात राबताना पाहिला होता, मोळी वाहताना, घागर वाहताना पाहिला होता. स्वतःच्या मर्जीनं पळताना मात्र नाही. तो आजोबांच्या मागं लागला, त्यांच्यासारखी बारीक पावलं टाकत. वरच्या वळणावर खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसत होता, ढग येऊन-जाऊन होते. त्यानं त्यातलं काही पाहिलं नाही म्हणे. आजोबांच्या टाचा पाहिल्या. उतरताना त्याच्या मांड्या भरून आल्या. चढ दम काढतो आणि उतार मांड्या, हे त्याला त्या दिवशी कळलं. सपाट रस्त्यावर कळलं नसतं.

मुरबाडची ती मुलगी त्याच्याआधी पोचली होती. रस्त्याच्या कडेला बायाबापड्या, शाळेची पोरं उभी होती, लेझीम चाललं होतं, अनोळखी बायका हिच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. परतीच्या वाटेवर पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "बाई, कुणी विचारलंच नाही, कुणाची म्हणून." आमच्या गावात रस्त्यावर पळणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न तोच असतो. भरतीचं नाव सांगितलं की तिला वाट मिळते. भरती झाली, किंवा झाली नाही आणि लग्न झालं, की वाट बंद.

माझं गाऱ्हाणं इथं आहे. भरतीत वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गाला ३३. जागा थोड्या, उमेदवार लाखोंनी. बहुतेकांचं नाव यादीत येत नाही. मग ज्या पायांना आम्ही चार-पाच वर्षं घडवलं, ते पाय एका दिवसात निवृत्त होतात. मुलगा वासिंद-आसनगावहून लोकल धरून कुठं तरी पाठीवर बॅग घेऊन डिलिव्हरीला लागतो आणि पळणं हे त्याच्या आयुष्यातलं नापास झालेला एक विषय होऊन बसतं. बूट तो माळ्यावर टाकतो. मला वाईट वाटतं ते या बुटांचं.

लोक विचारतात, पदकानं पोट भरतं का? प्रश्न खरा आहे, आमच्याकडे तर फारच खरा. ज्या शहापूरच्या भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. इथं छंदाची भाषा जपूनच करावी लागते. पण उत्तरही आहे. कसारा घाट चढून गेलं की नाशिक जिल्हा, आणि तिथल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्य जिंकलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आमच्यासारखाच पाडा, आमच्यासारखाच डोंगर. साताऱ्याच्या माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्या वाटेला लागायलाही आधी १६०० मीटरच्या पलीकडे काहीतरी असतं, हे ठाऊक व्हावं लागतं. लांब पल्ल्याचा धावपटू भरतीच्या रेघेवर तयार होत नाही. आणि जे कविता-ललिता होणार नाहीत, म्हणजे जवळपास सगळेच, त्यांनाही साठाव्या वर्षी पळता येईल की. हा काही लहान फायदा नाही.

शिवाय लांब पळणं आमच्याकडे नवीन आहे, असंही नाही. शिवजयंतीला गावोगावची पोरं गडावरून शिवज्योत आणतात. रात्रभर, हात बदलत, कित्येक जण अनवाणी. माळशेज उतरून आलेली ज्योत मी पाहिली आहे. त्या रात्री कुणी कुणाला विचारत नाही की यानं पोट भरतं का, किती मिनिटांत आलास, भरती निघाली का. वर्षातून एक रात्र आम्हाला लांब पळण्याचा अर्थ नीट कळतो. उरलेले दिवस आम्ही तो विसरतो.

म्हणून दोन मागण्या. पहिली, डोंगरातल्या शर्यती भरवणाऱ्यांकडे. एका शर्यतीची फी आमच्याकडच्या मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी होते. तुमचा खर्च मोठा असतो, मान्य. तरी प्रत्येक शर्यतीत थोडे बिब ग्रामीण शाळा आणि सराव गटांसाठी नाममात्र फीत राखून ठेवा. शहरातून येणाऱ्याला घाट बघायचा असतो. घाटात राहणाऱ्याला त्यात पळणारी माणसं बघायची असतात.

दुसरी मागणी आमच्याच माणसांकडे. सातारला जाऊन आल्यावर मंगळवारी सरावाला डोळखांबचा तो मुलगा १६०० च्या रेघेवरून पुढं निघून गेला. मी घड्याळ दाबलं आणि हाक मारली. लांबूनच ओरडला, "सर, घड्याळ राहू द्या, पुलापर्यंत जाऊन येतो." सरळगाव-किन्हवली रस्त्यावर जाऊन-येऊन अर्ध्या मॅरेथॉनचं अंतर सहज बसतं. हळवं भात निसवायला लागलं की त्या रस्त्यावर पळण्यासारखं सुख नाही, आणि त्याला फी लागत नाही. दोन्ही तालुक्यांनी मिळून वर्षातला एक रविवार ठरवावा. पाणी द्यायला बचत गटाच्या बाया उभ्या राहतील, लेझीम आमच्या शाळेत आहेच. अडचण एकच सांगतात, तीन तास वाहनं थांबवावी लागतील.

लग्नाच्या वरातीला आम्ही एवढा वेळ रस्ता अडवतोच. एक सकाळ पळणाऱ्यांसाठी अडवू.