यल्लम्माच्या डोंगरावर त्यांचा शब्द चालावा

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडणे हा गुन्हा ठरून किती वर्षे झाली? बेळगाव, चिक्कोडी, निपाणी हा मुलूख मुंबई इलाख्यात असताना 1934 साली पहिला कायदा झाला. पुढे कर्नाटकाने 1982 मध्ये आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये आपापले कायदे केले. तरीही 1993-94 आणि 2007-08 च्या पाहण्यांत एकट्या कर्नाटकात 46 हजारांहून अधिक देवदासींची नोंद झाली. पोलिसांच्या धाकाने देवळातला विधी उठला आणि चोरून घरात होऊ लागला. लाल-पांढऱ्या मण्यांची माळ मात्र मुलीच्याच गळ्यात पडत राहिली.

ती माळ ज्यांच्या गळ्यात पडली, त्याच बायका पुढे झाल्या आणि चित्र पालटू लागले. चिक्कोडी तालुक्यातील कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी यांना सातव्या वर्षी देवीला सोडले होते. घटप्रभा येथे 1997 मध्ये देवदासी महिलांनी उभारलेल्या ‘मास’ या संस्थेची धुरा पुढे त्यांनी वाहिली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बचतगट, मुलांचे शिक्षण, निवृत्तिवेतनाचे अर्ज ही कामे या बायकांनी केलीच. पण त्यांचे मोठे काम घराच्या उंबरठ्यावरचे आहे. पोरीच्या केसांत जट आली की घरातली वडीलधारी म्हणतात, देवीचे बोलावणे आले. तिथे सरकारी अधिकाऱ्याने कायद्याचे कलम वाचले तर दार बंद होते. परडी घेऊन जोगवा मागितलेली बाई जेव्हा सांगते, ‘अगं, ही जट न विंचरल्यानं झाली, आई यल्लम्मा कुणाची लेक मागत नाही’, तेव्हा पोरीची आई ऐकते. कारण सांगणारीही ‘उदं ग आई’ म्हणणारीच असते. श्रद्धा सोडा, असे ती सांगत नाही. श्रद्धेच्या नावावर चाललेला बाजार थांबवा, एवढेच तिचे म्हणणे. हा अधिकार तिने भोगून मिळवला आहे, आणि आमच्या मते तो कोणत्याही मठाधिपतीच्या अधिकाराहून कमी नाही.

याच टापूतील जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंदे यांनी देवाला मुली सोडण्याच्या मुरळीच्या चालीविरुद्ध धर्मनिष्ठेनेच आवाज उठवला. शिंदे यांनी स्थापलेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कामात त्यांच्या भगिनी जनाक्का खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. गडहिंग्लजला प्रा. विठ्ठल बन्ने आणि निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी देवदासींना संघटित केले. त्या चळवळीचे नेतृत्व आता पीडित बायकांच्याच हाती येत आहे, हे तिचे खरे यश.

यल्लम्मा डोंगराच्या विकासासाठी केंद्राने 2024 मध्ये सुमारे 100 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून रस्ते, निवास, सोयी होतील, व्हायलाच हव्यात. मात्र देवस्थानाचा कारभार ठरवणाऱ्या बैठकीत माजी देवदासी महिलांना मताधिकारासह जागा मिळाली पाहिजे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांत त्यांची मदतकेंद्रे देवस्थानच्या खर्चाने चालली पाहिजेत. यात्रेकरूंचा मोठा लोंढा कोल्हापूर-सांगलीहून येतो. म्हणून कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या महिलांना सोबत घेऊन यात्रेपूर्वी एकत्र बसावे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद न्यायालयात आहे, तो तिथेच राहू द्या. येत्या यात्रेआधी जिल्हाधिकाऱ्यांची ही बैठक झालीच पाहिजे.