परीक्षा बॉयलरची, प्रश्न अधिकाराचा

बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसणाऱ्या कामगारांची तयारी करून घेणे हे ट्रेड युनियनचे काम आहे काय? काही दिवसांपूर्वी एका बैठकीत हा प्रश्न निघाला, तेव्हा एका जुन्या व अनुभवी सहकाऱ्याने त्याला ठामपणे नकारार्थी उत्तर दिले. परीक्षा ही व्यक्तीच्या बढतीची बाब आहे. प्रमाणपत्र हाती पडले की कामगार दोन पैसे अधिक देणाऱ्या कारखान्यात निघून जातो. शिवाय कुशल कामगार ही मालकाची गरज, ती युनियनने स्वतःच्या खर्चाने का भागवावी, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु ज्याने बॉयलरसमोर रात्रपाळ्या काढल्या आहेत त्याला ते मान्य करता येणार नाही, आणि का करता येणार नाही हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम बॉयलर ही वस्तू काय आहे ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. सात किलो दाबाच्या बॉयलरमधील पाणी साधारण १७० अंश सेल्सिअसला असते. ते उकळून उडून जात नाही, याचे कारण एवढेच की वरचा दाब त्याला धरून ठेवतो. पत्रा फाटला, दाब एकाएकी नाहीसा झाला, की त्या पाण्यातील सुमारे आठवा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो. एक टन पाण्यातून अशी जवळजवळ सव्वाशे किलो वाफ निघते आणि ती दोनशे घनमीटरहून अधिक जागा मागते. बॉयलर हाऊसमध्ये तेवढी जागा नसते. म्हणून ती भिंती पाडून मिळवली जाते, आणि भिंतीआड माणसे असतात. लहान बॉयलर म्हणजे लहान धोका, हा कारखानदारांचा आवडता समज या साध्या हिशेबापुढे टिकत नाही.

हा धोका राज्यकर्त्यांनाही फार पूर्वी कळला होता. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि त्यानंतर वर्षभरात, १८६४ साली, बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले व त्यांची एकसूत्री बांधणी १९२३ च्या इंडियन बॉयलर्स अॅक्टने केली. बॉयलरची नोंदणी, ठराविक मुदतीची तपासणी, अपघाताची चोवीस तासांत वर्दी आणि प्रमाणपत्रधारक माणसाच्याच देखरेखीखाली बॉयलर चालविण्याची सक्ती, ही त्या व्यवस्थेची मुख्य अंगे. २०२५ साली संसदेने हा कायदा रद्द करून नवा बॉयलर्स कायदा आणला. जुन्या कायद्यातील सात गुन्ह्यांपैकी चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम राहिली आणि बाकीचे दंडावर निभावण्याची सोय झाली. ‘उद्योगसुलभता’ हा शब्द त्या वेळी पुष्कळ ऐकू आला. बॉयलरसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचे काम त्यामुळे किती सुलभ झाले, याची चर्चा मात्र ऐकू आली नाही.

महाराष्ट्रात ही परीक्षा बाष्पके संचालनालयामार्फत होते. इतर राज्यांत तेथील परीक्षक मंडळे असतात. आपले मराठी सभासद सुरत-वापीत आहेत, इंदूर-पीथमपूरला आहेत, भिलाईला आहेत. मंडळ बदलले तरी बॉयलर तोच आणि प्रश्नही बहुतांशी तेच. गेज ग्लासची परीक्षा कशी कराल? सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नसेल तर काय कराल? ब्लोडाऊन केव्हा व किती? पाणी जड असले तर नळ्यांचे काय होते? हे प्रश्न पाठ केलेल्या उत्तरांनी सुटतात असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी यातील एकच प्रश्न सविस्तर पाहू.

‘काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?’

नवखा उमेदवार चटकन उत्तर देतो: ‘साहेब, फीड पंप चालू करीन.’ येथेच तो नापास होतो, आणि व्हायलाच हवा. कारण काचेत पाणी दिसत नाही याचे दोन अर्थ होतात. पाणी काचेच्या खाली गेलेले असेल, किंवा काच काठोकाठ भरलेली असेल. स्वच्छ पाण्याने पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच डोळ्यांना सारखीच दिसते. म्हणून आधी काच खरे सांगते की खोटे, हे पाहावे लागते. ड्रेनचा कॉक उघडून पाण्याचा कॉक बंद केला तर वाफ आली पाहिजे. नंतर पाण्याचा उघडून वाफेचा बंद केला तर पाणी आले पाहिजे. पाणी आले नाही, तर एक तर मार्ग तुंबला आहे किंवा पातळी खाली गेली आहे. अशा वेळी पहिले काम आग बंद करण्याचे. तेल असो, गॅस असो, त्याचा पुरवठा तोडायचा. हाताने कोळसा घालण्याची भट्टी असेल तर हवा रोखून आग ओल्या राखेने दाबायची. पाणी मात्र सोडायचे नाही. तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडले तर काय घडते, हे परीक्षकाला उमेदवाराच्या तोंडून ऐकायचे असते. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलायचा नाही, वाफेची मागणी एकाएकी वाढू द्यायची नाही. बॉयलर सावकाश निवू द्यायचा आणि वरिष्ठांना कळवायचे.

उत्तर संपले. परीक्षक समाधानाने मान डोलावतो. पण खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो: आग बंद करण्याचा अधिकार तुम्हाला आहे काय?

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका प्रोसेस हाऊसमध्ये फायरमन होतो. तिसरी पाळी होती, पहाटेचे तीन वाजले असतील. काचेतले पाणी हलेनासे झाले; तपासले तर पाण्याचा मार्ग गाळाने तुंबलेला. मी तेल बंद केले. पंधरा मिनिटांत सुपरवायझर धावत आला, कारण जिगरवर रंगात कापड होते आणि वाफ गेली म्हणजे तो ताका वाया. ‘पंप मार आणि चालू कर,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी केले नाही. दुसऱ्या दिवशी उत्पादनाचे नुकसान केल्याबद्दल माझ्या हाती मेमो पडला. त्या वेळी माझ्याकडे प्रमाणपत्र नव्हते. मी परीक्षेचे पुस्तक नुकतेच हाती घेतले होते. आमच्या युनियनच्या सेक्रेटरींनी ते पुस्तक माझ्याकडून मागून घेतले, मॅनेजरच्या टेबलावर उघडून ठेवले आणि त्यातील उत्तर शब्दशः वाचून दाखविले. ‘तुमचा फायरमन परीक्षेत हेच लिहील आणि सरकार त्याला पास करील, तुम्ही त्याला नोकरीवरून काढणार काय?’ असे त्यांनी विचारले. मेमो मागे घेतला गेला. नुसते पुस्तक असते तर मॅनेजरने ते बाजूला सारले असते. नुसती घोषणा असती तर तीही बाजूला सारली असती.

व्यवहारात अटेंडंटवर जबाबदारी पूर्ण असते आणि अधिकार जवळपास शून्य असतो. काही विपरीत घडले की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘ड्यूटीवर कोण होता?’ हाच. वाफ किती हवी, केव्हा हवी, बॉयलर धुण्यासाठी केव्हा थांबवायचा, पाणी मृदू करण्याच्या यंत्रातले मीठ संपले तर ते कधी आणायचे, हे सारे ठरवितो मालक. नळीवर क्षार चढतात, क्षारांचा थर उष्णता अडवतो, नळीचा धातू तापून फुगतो आणि एक दिवस फुटतो. ही सारी साखळी अटेंडंटला ठाऊक असते, पण त्यातील एकही कडी त्याच्या हुकमाने बदलत नाही.

रायबरेली जिल्ह्यातील उंचाहार येथे १ नोव्हेंबर २०१७ रोजी पाचशे मेगावॉटच्या संचाच्या बॉयलरमध्ये जो अपघात झाला, त्यात चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. भट्टीच्या तळाशी राख साचून अडथळा झालेला असताना संच चालू ठेवूनच तो दूर करण्याचे काम चालले होते, असे त्या वेळी पुढे आले. मृतांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा होता. तामिळनाडूत नेयवेली येथे तर २०२० साली मे आणि जुलैमध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, एकाच औष्णिक केंद्रात दोनदा बॉयलर दुर्घटना घडली आणि दोन्ही वेळी कामगार मेले. ही काही गल्लीतली सायझिंग नव्हती. सार्वजनिक क्षेत्रातील, अभियंत्यांनी भरलेली केंद्रे होती. ज्ञानाचा तुटवडा हे तेथील कारण म्हणता येणार नाही. थांबविण्याचा निर्णय कोण घेणार, आणि घेतला तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी उरतो.

कायदा पाठीशी उभा राहतो काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कामगाराला गंभीर इजेची रास्त भीती वाटल्यास ती मालकाच्या आणि निरीक्षकाच्या (ज्याला आता ‘सुविधाकार’ हे बिरुदही लावले आहे) नजरेस आणून देण्याचा हक्क आहे. मालकाची खात्री पटली तर त्याने उपाय करावा. खात्री मालकाची! तोवर काम थांबविण्याचा स्पष्ट हक्क कामगाराला दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराने धोक्यापासून दूर होणाऱ्या कामगाराला शिक्षेपासून संरक्षण देण्याचे तत्त्व केव्हाच मांडले आहे. सुरक्षा समितीची सक्तीही कारखान्यात पाचशे, आणि धोक्याच्या प्रक्रियेत अडीचशे कामगार असतील तेव्हाच. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहावरून वीस कामगारांवर गेली आहे. भिवंडी-इचलकरंजीतील ज्या शेडमध्ये पंधरा माणसे आणि एक बॉयलर आहे, तिने या तरतुदी कोठे शोधाव्यात?

अशा ठिकाणी आणखी एक रोग दिसतो. प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत टांगलेले असते. ज्याचे नाव त्यावर असते तो महिन्यातून एकदा येऊन सही करतो आणि प्रत्यक्ष बॉयलर चालवितो तो कंत्राटदाराचा आठ-दहा हजारांवरचा पोरगा. आपले काही सभासदही आपले प्रमाणपत्र असे ‘भाड्याने’ देतात. हे कटू आहे, पण लपविण्यात अर्थ नाही. त्या पोराच्या अंगावर वाफ गेली तर त्या कागदावरचे नाव आपल्या माणसाचे असेल.

आता इंधनही बदलते आहे. जेथे कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळत असे, तेथे नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला आहे. धूर कमी झाला, राख गेली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वीस वर्षे कोळसा घातलेल्या कामगाराचा हात जे शिकला होता, ते गॅसच्या बर्नरपुढे अपुरे पडते. हवेत साधारण पाच ते पंधरा टक्के नैसर्गिक वायू मिसळला की ते मिश्रण स्फोटक होते. बर्नर पेटला नाही, न जळलेला वायू भट्टीत साचला आणि कोणी घाईने पुन्हा ठिणगी दिली, की भट्टीच फुटते. म्हणून पेटविण्यापूर्वी पंख्याने भट्टी पूर्ण धुवून काढायची असते. ते दीड-दोन मिनिटांचे थांबणे उत्पादनाच्या घाईत असह्य होते आणि मग इंटरलॉकला तारेचा तुकडा लावून ‘बायपास’ केले जाते. तारेचा तो तुकडा ओळखता येणे आणि तो काढून टाकण्याची हिंमत असणे, या दोन्ही गोष्टी अभ्यासवर्गातच रुजवाव्या लागतात.

वर्गाबद्दल दोन शब्द. इंग्रजी पुस्तकातील व्याख्या फळ्यावर उतरवून काही होत नाही. कामगाराला फीड चेक व्हॉल्व्ह हातांनी ठाऊक असतो. त्याला फक्त त्याचे ‘का’ हवे असते, आणि ते मराठीत सांगता येते. जुना गेज ग्लास आणून टेबलावर ठेवावा, कॉक फिरवून दाखवावेत, उमेदवारांनी एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यावी. आमच्या वर्गात एक जण परीक्षक होतो, दुसरा उमेदवार आणि तिसरा सुपरवायझर. उमेदवाराने अचूक उत्तर दिल्यावर सुपरवायझरने ओरडायचे, ‘चालू कर!’ सुरुवातीला सारे हसतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेस मात्र हसणे थांबते आणि उमेदवार उत्तर शोधू लागतो.

राहिला त्या जुन्या सहकाऱ्याचा आक्षेप: शिकलेला कामगार निघून जाईल. काही जातील. दोन पैसे अधिक मिळविण्याचा त्यांना हक्क आहे, आणि जेथे जातील तेथेही बॉयलर हाऊसच असेल. परंतु जे राहतील त्यांच्यासाठी येत्या करारात आपण काही मागितले पाहिजे: परीक्षेची फी व अभ्यासाची भरपगारी रजा कारखान्याकडून, प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष हजर असलेला प्रमाणपत्रधारक, कंत्राटी मदतनिसाला त्याच वर्गात बसण्याची मुभा, आणि बॉयलर हाऊसच्या दारावर व्यवस्थापनाच्या सहीने लावलेली लेखी सूचना की, धोका दिसताच ड्यूटीवरील अटेंडंट आग बंद करील व त्याबद्दल त्याला मेमो दिला जाणार नाही. पहिल्या तीन मागण्यांवर व्यवस्थापन घासाघीस करील. चौथ्या मागणीवर ते गप्प बसेल, म्हणून वाटाघाटीच्या टेबलावर ती सर्वांत आधी मांडावी.