मागच्या दाराचं मॅनेजमेंट

धाकट्याने हॉटेल मॅनेजमेंटला ॲडमिशन घेतली तेव्हा त्याला पहिला हसलो तो मी.

अभ्यासवर्ग संपला होता. चहा चालला होता. कुणीतरी विचारलं, तुझा भाऊ काय करतो रे? मी म्हणालो, कपबशा विसळायची डिग्री घेतोय. सगळे खदाखदा हसले. एकजण म्हणाला, गुलामीची पदवी! दुसरा म्हणाला, बाबासाहेब बॅरिस्टर झाले, हा वेटर व्हायला निघाला. धाकटा दारातच उभा होता. मला घरी न्यायला आलेला. काही बोलला नाही. वळला नि निघून गेला. त्या रात्री जेवला नाही. आई मला म्हणाली, "आणि तू रे? गोदीत कलेक्टर लागलायस का?"

त्या हसण्याचा हिशेब द्यायला मी आज बसलोय.

मी इंदिरा गोदीत कंत्राटी मजूर. जहाजातून पोलादाच्या कॉइल उतरतात, त्यांच्याखाली लाकडं सरकवतो. मुकादमाच्या शिव्या खातो. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पाळी संपली की कविता लिहितो. माझ्या कवितेखाली 'गोदी कामगार' असं छापलं की तुम्ही टाळ्या वाजवता. मला आजवर एकाही दोस्ताने गुलाम म्हटलेलं नाही. मग गोदीतला घाम क्रांतीचा आणि हॉटेलातला घाम गुलामीचा, हा हिशेब कुणी मांडला? आपणच मांडला. न शिकता मांडला, न वाचता मांडला. म्हणून मी धाकट्याची पुस्तकं घेतली नि वाचून काढली. जे वाचलं ते सांगतो. मग हसा.

हे शिक्षण आजकालचं नाही. देशातली अशी पहिली संस्था १९५४ साली याच मुंबईत निघाली. १९८२ साली केंद्र सरकारने नॅशनल कौन्सिल काढलं, त्याच्या हाताखाली आज देशभर संस्था आहेत. बारावीनंतर तीन वर्षं, त्यातलं एक सत्र थेट हॉटेलात राबायचं. विषय मुख्य चार. फ्रंट ऑफिस, म्हणजे पाहुण्याला खोली देणं. फूड प्रॉडक्शन, म्हणजे रांधणं. फूड सर्व्हिस, म्हणजे वाढणं. हाउसकीपिंग, म्हणजे झाडू-पोछा-चादर-संडास. वर झालर एकाच शब्दाची : हॉस्पिटॅलिटी. आतिथ्य. पहिल्याच धड्यात उपनिषदाचा दाखला आहे, अतिथीला देव मानावं म्हणून. सरकारच्या पर्यटन खात्यानेही त्याच वचनाची जाहिरात केली, सिनेमातला नट उभा करून.

वा! ज्यांनी आमच्या आजाला ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांची ही आतिथ्याची परंपरा. पाहुणा देव होता म्हणता? मग कोणता पाहुणा, ते सांगा.

पहिला विषय घ्या, फ्रंट ऑफिस. त्यात पाहुण्याची नोंद कशी करावी यावर अख्खा धडा आहे. नाव, गाव, ओळखपत्र, सही, आणि चेहऱ्यावर हसू. आता १९१७ साल आठवा. कोलंबियात शिकून आलेला आमचा बाप बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. शहरात राहायला जागा नाही. हिंदूंच्या हॉटेलात शिरता येत नाही. पारशांच्या एका धर्मशाळेत खोटं पारशी नाव नोंदवून त्यांना राहावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिन्यावर आले. सामानासकट बाहेर काढलं. मग बाबासाहेब बागेत जाऊन बसले, रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. फ्रंट ऑफिसच्या पुस्तकात हे पान नाही. का नाही? रजिस्टरमधलं नाव म्हणजे जात, हे या देशातल्या प्रत्येक काउंटरला ठाऊक आहे. आजही खोली भाड्याने मागताना आपण आडनाव कसं गिळतो ते तुम्हीही जाणता नि मीही.

टुरिझमचं वेगळं पुस्तक आहे. त्यात वेरूळ-अजिंठ्याला 'प्रॉडक्ट' म्हटलंय. आमचा बुद्ध प्रॉडक्ट! १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह दौलताबाद आणि वेरूळ पाहायला निघाले. टूरिस्ट म्हणूनच गेले होते ना? धुळीने माखलेले. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी हौद होता, तिथे हात-पाय धुतले. हौद बाटवला म्हणून आरडाओरडा करत माणसं अंगावर धावून आली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण पाण्याला शिवू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर दिला. बडोद्यात पारशी, दौलताबादेत मुसलमान, गावात हिंदू. जातीचा रोग धर्माच्या वेशी ओलांडून पोचला होता. आणि आता पाहा, १४ एप्रिल २०२३ ला दिल्लीहून बाबासाहेबांच्या स्थळांची टूरिस्ट गाडी सुटली. ज्याला खोली दिली नाही त्याच्या नावाने तिकिटं कापली जातात. गाडी सुटली याचं मला वाईट वाटत नाही. सुटू दे. माझा सवाल एवढाच आहे : त्या गाडीत गाईड कोण? बडोद्याच्या त्या बागेसमोर उभं राहून ही गोष्ट सांगणार कोण? आपण हसत बसलो तर ती दुसराच कुणी सांगेल, आणि लाठ्या गाळून सांगेल.

आता चुलीकडे या. खरी जात चुलीशी आहे. २०१७ साली पुण्यात एका बड्या सरकारी शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईवर पोलिसांत तक्रार केली. चोरीची नव्हे. जात लपवून स्वयंपाक केला, सोवळं मोडलं म्हणून! ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईने शिजवलेला भात खायला सवर्ण पोरांनी नकार दिला. मंगळावर यान गेल्यानंतरच्या या गोष्टी आहेत.

या देशात रांधणारा हात म्हणजे नुसता कामगाराचा हात नसतो. तो हात आमचा असला तर अन्न बाटतं. म्हणूनच आमच्या पोराने मोठ्या हॉटेलाच्या किचनमध्ये पांढरी टोपी घालून उभं राहणं हा वेटर व्हायचा प्रश्न नाही. चवदार तळ्यावर १९२७ साली ओंजळ भरली. तळ्यातलं पाणी घेतलं, आता त्या पाण्यावर शिजतं ते भांडं घ्यायचंय.

आणि चौथं खातं, हाउसकीपिंग. इथे माझा धाकटा आला.

कॉलेजच्या कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक पोराला चारही खात्यांतून फिरवायचं. पहिल्या दिवशी हॉटेलातल्या साहेबाने आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग, मुंबईत कुठे राहता? वस्तीचं नाव सांगितल्यावर साहेब नुसतं 'अच्छा' म्हणाला. तीन दिवस किचन मिळालं. चौथ्या दिवशी मोठं लग्न होतं, पार्टी शुद्ध शाकाहारी. सुपरवायझर म्हणाला, तू आज वरच्या मजल्यावर जा, खोल्या कमी पडतायत. तो 'आज' शेवटच्या दिवसापर्यंत संपला नाही. बरोबरची पोरं काउंटरवर गेली, किचनमध्ये गेली, बारमध्ये गेली. हा पाच महिने संडास आणि बाथटब. बारा-बारा तास. हातात येणारे पैसे लोकलच्या पासात नि बुटांच्या पॉलिशमध्ये संपायचे. फीसाठी आईने बचतगटातून काढलेल्या कर्जाचा हप्ता तसाच.

जातीचं नाव कुणीच काढलं नाही. एकदासुद्धा नाही. शिवी नाही, मार नाही. सगळे 'प्लीज' म्हणत होते. हीच या धंद्याची सफाई आहे दोस्तांनो. पुढच्या दाराला हसू, मागच्या दाराला आडनाव.

संडास धुवायची मला लाज नाही. ज्याने घाण केली त्याला लाज नाही तर धुणाऱ्याला कशाला? साहेबाची पोरं ते काम आठ दिवस शिकतात आणि मॅनेजर होतात. आमची माणसं ठेकेदाराच्या शर्टात तेच काम जन्मभर करतात. काम तेच आहे. एकासाठी तो धडा, दुसऱ्यासाठी जन्म. माझं भांडण या फरकाशी आहे, झाडूशी नाही.

धाकटा हे सगळं घरी सांगत नव्हता. का? कारण भाऊ हसला होता. तक्रार घेऊन आला असता तर मी म्हणालो असतो, बघ, सांगितलं नव्हतं? त्याचे पाच महिने साहेबाने खाल्ले आणि त्याचा आवाज मी खाल्ला. हे मला लिहायला लागतंय. लिहितो.

आता चळवळीतल्या शहाण्यांना विचारतो. तुम्ही म्हणता हे शिक्षण सेवेचं, म्हणून नको. बरं. मग आमच्या पोरांनी काय फक्त कलेक्टर व्हायचं? कलेक्टर किती होणार? आणि कोल्हापूरचे गंगाराम कांबळे विसरलात? शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी मारलं. राजाने कैवार तर घेतलाच, वर त्यांना चहाचं दुकान काढून दिलं. दुकानाचं नाव 'सत्यसुधारक'. गावातलं कुणी चहाला फिरकेना. मग राजा स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागला, बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजू लागला. शंभर वर्षं झाली. या मुलखातला हॉटेल मॅनेजमेंटचा पहिला धडा तो आहे. किटली आमची, गल्ला आमचा, आणि प्यायला यायचं त्यांनी.

पुस्तकात तो धडाही नाही. पुस्तकात फ्रेंच सॉस आहेत, पाच 'मदर सॉस'. धाकट्याला पाचही आया तोंडपाठ. आपल्या आईचा वजडीचा रस्सा मात्र कुठल्याही सत्रात नाही. चान्या नाहीत, रक्ती नाही. शाहू पाटोळेंनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आमचं ताट कागदावर आणलं, २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. कॉलेजच्या किचनपर्यंत अजून पोचायचं आहे. कोण पोचवणार? जो त्या किचनमध्ये शिरेल तो.

आणि आतिथ्य आम्हाला कुणी शिकवू नये. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात या. लाखो माणसं येतात. विदर्भाची, मराठवाड्याची, उघड्यावर झोपणारी. त्यांना जेवण, पाणी, औषध देणारे आपलेच कामगार, आपल्याच बाया. आडनाव विचारायला काउंटर नसतो. ते मॅनेजमेंट कुठल्या कौन्सिलने शिकवलं?

बाबासाहेबांनी घटनेच्या पंधराव्या कलमात हॉटेल हा शब्द लिहून ठेवला. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, यांत जात पाहून कुणाला अडवायचं नाही. पुढचं दार त्यांनी उघडून दिलं, गिऱ्हाईक म्हणून. कामगार म्हणून आत शिरलेल्याला कुठे उभं करायचं ते अजून साहेबाच्या 'अच्छा'वर चालतं. खाजगी हॉटेलच्या नोकरीत राखीव जागा नाहीत. म्हणजे हे दार आपल्यालाच उघडायचंय.

कसं, ते धाकट्याने नि मी बसून ठरवलंय. ज्यांच्या घरात कुणी शिकत असेल त्यांनी वाचावं.

सरकारी संस्थेत आधी प्रयत्न करा, तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर तो हक्क आहे, भीक नाही. ट्रेनिंगला जाताना चार खात्यांचे आठवडे कॉलेजकडून लेखी घ्या. रोज कुठे राबलात ते वहीत तारखेसह लिहा. एकट्याने तक्रार करू नका, वही घेऊन चौघं जा. बोटीवर नोकरी लावतो म्हणून दलाल पैसे मागेल. देऊ नका. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी कामगार करारात खलाशाकडून नोकरीची दलाली घ्यायला बंदी आहे, आणि चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. आमच्या गोदीला टूरिस्टांची ती पांढरी जहाजं लागतात तेव्हा वरून फुगे दिसतात. खाली कपडे धुणारी, भांडी घासणारी पोरं असतात, त्यांनाही हे सांगा. आणि शिकून झाल्यावर चौघं मिळून एक खानावळ काढा. पाटीवर नाव आपलं लिहा. लपवून नव्हे, ठळक.

त्यांना आमचं हसू हवंय, बत्तीस दात मोजून. धाकटा आता म्हणतो, हसेन, पण मोजून घेईन. पगारही, तासही, आठवडेही.

पुढच्या अभ्यासवर्गात तोच बोलणार आहे. मी सतरंजी टाकीन, चहा करीन, कपबशाही मीच विसळीन. ज्याला हसायचंय त्याने माझ्याकडे बघून हसावं.

जय भीम.