निष्ठा नाही म्हणे!

सीए मंडळी चार जण जमली की एक रडगाणे हमखास सुरू होते. नवी पोरे टिकत नाहीत, सहा वाजले की बॅग उचलतात, कामावर निष्ठा म्हणून नाही. ऐकणारे माना डोलावतात. मला मात्र दरवेळी विचारावेसे वाटते, साहेब, गेल्या वर्षभरात तुम्ही त्या पोराच्या शेजारी बसून त्याला काय शिकवलेत?

आर्टिकलशिप ही नोकरी नाही. ती उमेदवारी आहे. सुतार, गवंडी, शिंपी यांच्याकडे जशी पोरे शिकायला राहत, तशीच. पूर्वी ती 3 वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत 2 वर्षांची झाली. फॉर्म 102 वर सही करताना प्रिन्सिपल नुसते काम घ्यायचे नव्हे, प्रशिक्षण द्यायचेही कबूल करतो. आठवड्याला 35 तास हा संस्थेचाच नियम. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या दिवसांत हे 35 तास कुठे जातात ते घरी वाट पाहणाऱ्या आयांना विचारा. विद्यावेतनाचे तर बोलूच नका. अगदी परवापरवापर्यंत मुंबईसारख्या शहरात पहिल्या वर्षी किमान 2000 रुपये होते. तेवढ्यात लोकलचा पास आणि वडापाव भागतो. बापाच्या खिशाला हात लागल्याशिवाय पोरगा सीए होत नाही, आणि ज्याच्या बापाला खिसाच नाही त्याने काय करायचे?

तो मग दुसरी वाट धरतो. डमी आर्टिकलशिप. ओळखीच्या फर्ममध्ये नाव लावायचे, ऑफिसात पाऊल ठेवायचे नाही, दिवसभर क्लास आणि अभ्यास. आपल्या वस्त्यांतली, घरात पहिल्यांदाच इथवर पोचलेली हुशार मुलेही याला ‘सेटिंग’ म्हणतात आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. हे खोटे आहे, सरळ खोटे. ज्याचा पेशा उद्या दुसऱ्याच्या हिशोबावर ‘खरे आहे’ म्हणून सही करण्याचा, त्याचा पहिलाच कागद खोटा. पण त्या कागदावर दोन सह्या असतात. दुसरी सही अनुभवी माणसाची असते, आणि निष्ठेवर भाषण नेमका तोच देतो.

शिकवले नाही तर काय होते? सत्यम आठवा. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजूंनी पत्रात कबूल केले की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नाहीच. ऑडिटर प्राइस वॉटरहाउस. 2011 साली अमेरिकेच्या एसईसीने ठपका ठेवला तो साध्या गोष्टीवर. बँकांना पाठवायची पुष्टीपत्रे ऑडिटरांनी स्वतःच्या ताब्यात न ठेवता कंपनीच्याच हाती सोपवली होती. आपल्याकडे पुष्टीपत्रांचे काम बहुधा सर्वांत लहान पोराकडे येते. ‘क्लायंटला मेल टाक, तो मागवून घेईल’ एवढेच त्याला सांगितले जाते. पत्र क्लायंटमार्फत का जाऊ नये आणि उत्तर थेट आपल्याकडेच का यावे, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कुणाकडे नसतात. व्हाउचरवर टिका मारत पोरगा मोठा होतो, आणि पुढे 18 अंकी यूडीआयएन काढून सही करू लागतो.

2024 मध्ये पुण्यात एका बड्या फर्ममधली 26 वर्षांची सीए गेली. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीला लिहिले. कंपनीने ते नाकारले. पण देशभरातल्या कनिष्ठांना ते पत्र आपलेच वाटले. त्यानंतरही ‘आमच्या वेळी तर’ हे पालुपद थांबलेले नाही. तुमच्या वेळी वाईट होते म्हणून ते बरोबर होते काय?

आपल्या वाचकांसाठी एक आठवण. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोजाबद्दल नाही. ती उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, असे तिथे आहे. आणि लिहिणाऱ्याला नुकसान पोचवू नये, हेही त्याच आयतीत आहे. पहिली अट सांगणारे मौलवी आणि मालक पुष्कळ भेटतात, दुसरी अट सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा सीए साहेब, येत्या सोमवारी एक फाइल घ्या, पोराला शेजारी बसवा, आणि कुठला आकडा तुम्हाला खटकतो व का खटकतो ते दाखवा. त्याने सहाला बॅग उचलली तरी उचलू द्या.